झोपाळ्यावरच्या तीन दुपारी

रवळू गुरव दवाखान्याच्या बाकावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर देवळातली पितळी घंटा होती. घंटा लहानशी, हातात धरून वाजवायची, पण तिला एका अंगाने केसासारखा तडा गेला होता. रवळू जरा हलला की ती ठसका लागल्यासारखी वाजायची आणि बाकावरची माणसं वळून बघायची.

"हे काय आणलंत, काका?" डॉक्टर केतकी परुळेकरांनी त्याला आत घेत विचारलं.

"देवळातली घंटा. फुटली हा. सांदूक आणलंय."

"इथं घंटा नाही सांधत आम्ही."

"ठावक आसा माका. पण घराकडे सांगूक कायतरी होया ना."

डॉक्टरबाई वेंगुर्ल्याच्या. मालवणी कानाला लागली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. पण या वेळी त्या हसल्या नाहीत. "म्हणजे काकींना अजून माहीत नाही."

रवळूने घंटेचा लोलक बोटांत धरून ठेवला. "ह्या काय बायलेक सांगूसारख्या दुखणा आसा, बाय?"

दुखणं तसं मोठं नव्हतं. लघवीला वारंवार उठावं लागे, एवढंच. मग गावच्या आरोग्यताईने रक्त नेलं, मग कुडाळला बोलावणं आलं, मग फोटो, मग सुई. दर खेपेला रवळू घंटा पिशवीत घालून निघे आणि तशीच परत आणे. आज सुईचा निकाल होता.

डॉक्टरबाईंनी भिंतीवर एक चित्र लावलं. "ही तुमची प्रोस्टेट ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी असते, सालासकट सुपारीएवढी. तिच्यातून आम्ही बारा ठिकाणांहून शिरवाळीच्या शेवयांसारखे बारीक तुकडे काढले. दहा साफ आहेत. दोनांत कर्करोग सापडला. तीन अधिक चार, सात."

"धापैकी सात," रवळू म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला. "म्हंजे अर्ध्याच्या पलीकडे गेलंय मी."

"सगळे असंच समजतात. हे मार्क नाहीत, काका. तुम्ही पोफळीची बाग राखता ना?"

"देवाची आसा. मी राखतंय."

"निरोगी ग्रंथी म्हणजे ओळीत लावलेली बाग. तीन म्हणजे झाडं वेडीवाकडी उगवली, दाटी झाली, पण प्रत्येक झाड वेगळं ओळखू येतं. चार म्हणजे बुंधे एकमेकांत शिरले, मधली वाट बुजली. पाच म्हणजे बागच नाही, नुसतं रान. पहिला आकडा जे सगळ्यात जास्त दिसलं त्याचा, दुसरा त्याच्या खालोखाल दिसलं त्याचा. तुमची बाग बरीचशी तीनची, थोडी चारची. चार अधिक तीन आलं असतं तर बेरीज तीच, पण गोष्ट वेगळी झाली असती. आणि सहाच्या खालचा आकडा आम्ही हल्ली देतच नाही. म्हणून तुमचा सात म्हणजे शिडीची खालून दुसरी पायरी."

रवळूने चित्राकडे बरंच बघितलं. पोफळीच्या बागेत दुपारी जसं हिरवं अंधारं असतं तसंच ते दिसत होतं, फक्त गुलाबी.

"आता करूचा काय?"

"वाटा तीन. ग्रंथी काढून टाकायची. किंवा किरणं द्यायची. किंवा लक्ष ठेवून थांबायचं. थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. रक्त बघत राहायचं, अधूनमधून फोटो, वाटलं तर पुन्हा सुई. वाढायला लागलं तर मग उपचार."

"वाचतलंय खयच्या वाटेर?"

"पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं बोलायचं तर तुमच्यासारख्या निकालात तिन्ही वाटांवर जगण्याची आशा जवळजवळ सारखी. फरक आहे तो कसं जगायचं त्यात."

आणि तो फरक त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितला. ग्रंथी काढली तर लघवीवरचा ताबा सुटतो. पुष्कळांचा काही महिन्यांत परत येतो, काहींना थोडी गळती कायमची राहते. नवराबायकोच्या संबंधांतही अडचण येऊ शकते. किरणांनी थकवा येतो, घाईची लागते, पोट बिघडतं, काही त्रास वर्षांनी उगवतात. थांबण्यात अंगाला काही होत नाही. मनाला घोर लागतो.

रवळूने यातलं एकच धरलं. गळती. रवळनाथाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकायचं तर सोवळं कोरडं आणि निर्मळ हवं. त्याच्या बापाने ते पाळलं, आजाने पाळलं. गाव भांडत आला की देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवून कौल लावायचा तो रवळूने. पाकळी उजवीकडे पडली की होकार, डावीकडे पडली की नकार. ज्याचं सोवळं ओलं, त्याने पाकळीला हात कसा लावायचा? आणि पाकळीला हात न लावणारा रवळू म्हणजे नक्की कोण, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"मग थांबूयाच," तो घाईघाईने म्हणाला.

"थांबाल. पण आधी झोपाळ्यावर जाऊन या. भीतीपोटी घेतलेला निर्णय पुढे टिकत नाही, हे मी फार बघितलंय."

झोपाळा हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त कागदावर राहिलं. एका अंधाऱ्या खोलीत छताला टांगलेला बिछाना, झुलत ठेवलेला. कारण झुलत्या अंथरुणावर माणसाला हलकी झोप लागते आणि टिकते, हे तान्ह्या पोराच्या आईला कोणी शिकवावं लागत नाही. त्याच्यामागचं शास्त्र मात्र नवं होतं. सुईने काढलेल्या तुकड्यांतल्या काही जिवंत पेशी काचेत वाढवत. त्या किती वेगाने वाढतात, किरणांखाली कशा वागतात, ते बघत. त्यात माणसाचं रक्त, वय, हृदय, घराण्यातले आजार असं सगळं मिळवून गणिताने त्याचा एक जुळा उभा करत. तो जुळा संगणकात हजारो वेळा म्हातारा होई, दर वेळी थोडा वेगळा. त्यातलं जे जास्त वेळा घडे, त्यातली एक दुपार निवडून झोपलेल्या माणसाच्या मेंदूला आवाजाच्या अगदी मंद लहरींनी सुचवत.

"सुचवत म्हणजे कसा?"

"यंत्र फक्त देह देतं, काका. अमुक वर्षांनंतरचं तुमचं अंग कसं असेल, तेवढंच. घर, अंगण, माणसं, वास हे सगळं तुमचं मन आपलं आपण घालतं. आणि लक्षात ठेवा, जे दिसेल ते भविष्य नाही. शंभर दुपारींतली एक आहे."

रवळूने घंटा उशाशी ठेवली आणि तो आडवा झाला. बिछाना हलला. पुढे, मागे. कुठेतरी कपिला गाय रवंथ करत होती असं त्याला वाटलं, आणि ती गाय मरून कितीतरी वर्षं झाली होती.

पहिली दुपार हळदीच्या रंगाची होती. रवळूचं अंग हलकं होतं. ग्रंथी आता आपल्यात नाही, हे त्याला स्वप्नात कळतं तसं आपोआप कळलं, आणि त्याचं दुःखही झालं नाही. तो देवळात चालला होता. फरशी पायाला गार लागत होती. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून त्याने पाऊल उचललं आणि सोवळ्यावर अंगठ्याएवढी ऊब पसरली. पाऊल हवेतच राहिलं. आत त्याचा पुतण्या पाकळ्या चिकटवत होता, मागे वळून बघत नव्हता. रवळूने बाहेरूनच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, आज जी काय सेवा तुझ्या पायाशी केली हा, ती मान्य करून घे..." आणि सवयीने थांबला. गाऱ्हाण्यात गुरव थांबला की मागून माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. कोणी म्हटलं नाही. तो घरी आला. तुळशीपाशी दिवा नव्हता. चुलीत राख गार होती. दांडीवर बायकोचं, मंदाचं, एकही लुगडं नव्हतं.

बिछाना मागे गेला, पुढे आला.

दुसरी दुपार फिकट, ताकाच्या निवळीसारखी. हाडांत थकवा भरला होता, तापातून उठल्यावर असतो तसा. तो ओटीवर पडून होता आणि दर थोड्या वेळाने पोटात घाई उठून त्याला परसात नेत होती. अंगणात कोकमं वाळत घातली होती. पण ती कोणी उलटली नव्हती. वरून काळी, खालून बुरशी आलेली. "मंदा गो," त्याने हाक मारली. हाक माडांत गेली आणि तिथेच राहिली.

तिसरी दुपार गाभाऱ्यातली. सोवळं कोरडं, अंग जसं होतं तसंच. थांबायची वाट ती हीच. त्याने दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या खांद्यांवर लावल्या. त्या सुटल्या, पण खाली पडल्या नाहीत. हवेत तरंगत राहिल्या, उजवीकडे नाही की डावीकडे नाही. देवामागची भिंत विरघळून तिथे पोफळीची बाग झाली होती आणि बागेत कोणीतरी चालत होतं. वाळल्या झावळ्या मोडत होत्या. थांबत होत्या. पुन्हा मोडत होत्या. रवळू कान देऊन उभा राहिला. त्याला कळलं की ही वाट धरली तर आपण जन्मभर असेच कान देऊन उभे राहणार. त्याने गाऱ्हाणं घातलं. उत्तर आलं नाही. घरी हंडा पालथा पडला होता.

तो जागा झाला तेव्हा त्याचे कान ओले झाले होते. डोळ्यांतलं पाणी आडव्या माणसाच्या कानांत जातं.

"माझी मंदा जायत काय गो बाय? तिन्ही दुपारी ती घरात नाय. माझ्या आदी जायत काय ती?"

डॉक्टरबाई स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या. "यंत्राला काकींबद्दल काहीही माहीत नाही. त्यांचं रक्त नाही, वय नाही, नाव नाही. त्या का दिसल्या नाहीत हे यंत्र नाही सांगू शकत."

"मग कोण सांगतलो?"

त्यांनी थोडा विचार केला. "माझा अंदाज सांगते. स्वप्नात जो चालत होता तो आजारी रवळू. आणि काकींचा नवरा म्हणजे दर खेपेला घंटा सांधायला म्हणून कुडाळला जाणारा रवळू. ह्या दोघांची तुमच्या मनात अजून भेटच झालेली नाही. मग आजारी माणसाच्या घरात काकी येणार कुठून?"

रवळूला महिन्यापूर्वीची सकाळ आठवली. कौल लावणाऱ्याने स्वतःसाठी कौल लावायचा नसतो. पण देवळात कोणी नाही असं बघून त्याने लावला होता. पाकळ्या पडल्याच नाहीत. चिकटून चिकटून वाळून गेल्या. पाणी जास्त लावलं म्हणून त्याने तेव्हा स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या.

बिनचालकाची लहान बस त्याला पाणंदीच्या तोंडाशी सोडून गेली तेव्हा ऊन कलत होतं. मंदा अंगणात कोकमं उलटत होती. लुगड्याचा काष्टा, हात कोपरापर्यंत लाल. ती आहे, हे रवळूने दोनदा बघून घेतलं. तो पायरीवरच बसला. पिशवीतली घंटा ठसकली.

"सांदली काय?" मंदाने मान वर न करता विचारलं.

"नाय."

"नाय कशी? एवडे खेपे केलास. लोकांच्या पोरी सासराक जावन परत इल्यो, पण तुमची घंटा काय बरी जाणा नाय."

"मंदा..."

"माका वाटला, कुडाळात कोण ठेवलास की काय."

"ह्या वयात?"

"म्हनान तर गप रवलंय. म्हटला, जमाचा नाय तुमका."

रवळूला हसू यायच्या जागी हुंदका आला. मग त्याने सगळं सांगितलं. सुपारीएवढी ग्रंथी, बारा शिरवाळ्या, तीन अधिक चार. बागेची गोष्ट सांगताना तो जमिनीवर बोटाने झाडं काढत गेला. तीन वाटा सांगितल्या. शेवटी गळतीचं सांगितलं, तेही अंगणाकडे बघत. मंदाचे हात थांबले होते. कोकमाचा रस तिच्या मनगटावरून उतरत होता.

"माका भायर उभा रवूचा लागात," तो म्हणाला. "गाभाऱ्याच्या भायर. मी थय कसो रवतलंय?"

मंदा उठली. तिने रांजणातल्या पाण्याने हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"मी कशी रवलंय?"

"म्हंजे?"

"तुमच्या घरात येवन माजे केस पिकले. महिन्याचे चार दिस मी देवळाच्या भायरच्या पायरेर बसा होतंय. तुमीच सांगलेलास, पुढे येव नको. जत्रेदिवशी पण बसलंय. तेव्हा देवान माका टाकल्यान काय?"

रवळूने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याने कधी त्या पायरीवरून देऊळ कसं दिसतं ते विचारलं नव्हतं.

"नाय," तो म्हणाला.

"मग तुमका टाकतलो?" तिचा आवाज आता बारीक झाला. "आणि दुसरा सांगतंय. गावातली भांडणा घेवन लोक येतत, तेव्हा दुसरी बाजू हजर नसली तर तुमी पाकळी लावणत नाय. माणूस मुंबयक असलो तरी हाडून उभो करतास. हय मात्र एकटेच कुडाळाक गेलास? मी कोणाची बाजू?"

माडांच्या सावल्या अंगणभर लांब झाल्या. मग मंदा म्हणाली, "परत कधी जावचा आसा?"

पुढच्या खेपेला दोघं आली तेव्हा डॉक्टरबाईंनी खोलीतला रुंद बिछाना टांगायला सांगितला. नातलगाला शेजारी झोपवायची सोय यंत्रात होतीच, फक्त फारसे कोणी मागत नसत. जुळा एकाचाच, पण त्या दुपारींत दोघांची मनं एकमेकांत थोडी थोडी झिरपतात, असं त्यांनी समजावलं. मंदाने बिछान्याकडे संशयाने बघितलं.

"परक्याच्या घरात, दिवसाढवळ्या, एका झोपाळ्यार. आणि डाक्तरीण बघतली?"

"मी पाठ करून बसते, काकी."

"मग बरा," म्हणून ती चप्पल काढून चढली. बिछाना हलला तसा तिने रवळूचा दंड घट्ट धरला.

पुन्हा हळदीच्या रंगाची दुपार आली. गार फरशी, उंबरा, सोवळ्यावरची ऊब. रवळूने उचललेलं पाऊल मागे घेतलं आणि वळला. बाहेरच्या पायरीवर मंदा बसली होती. तिचे केस काळेभोर होते, लग्नात होते तसे, आणि हात मात्र आताचे, कोकमाने लाल. ती जरा सरकली. तो तिच्या शेजारी बसला. तिथून देव दिसत होता. पूर्ण नाही, दिव्यामागची एक बाजू, एक खांदा, त्या खांद्यावरची एक पाकळी. पण गाभाऱ्यात उभं राहून जे कधी दिसत नाही ते इथून दिसत होतं: कळसावरची कबुतरं, आणि त्यांच्या वर इतकं आभाळ की देऊळ त्यात तरंगत असावं. वारा आला. आपलं सोवळं ओलं आहे हे रवळू मध्येच विसरला, मध्येच त्याला आठवलं, मग पुन्हा विसरला.

फिकट दुपारही आली. तो ओटीवर पडला होता आणि अंगणात कोणीतरी कोकमं उलटत होतं.

मग बाग. झावळ्या मोडण्याचा तोच आवाज, थांबत, पुन्हा येत. या वेळी रवळू गाभाऱ्यात उभा राहिला नाही. विरघळलेल्या भिंतीतून तो आवाजामागे गेला. हिरव्या अंधारात पुढे मंदा चालली होती, हातात कोयती. प्रत्येक झाडापाशी ती थांबे, बुंध्यावर हात फिरवी, वर शेंड्याकडे बघे, आणि पुढे जाई. काही झाडं वाकडी होती. एका कोपऱ्यात दोन बुंधे एकमेकांना टेकले होते. तिथे ती जास्त वेळ थांबली, मधली पडलेली झावळी कोयतीने ओढून बाजूला केली. वाट अजून होती. तिने मागे वळून न बघताच हात मागे केला आणि रवळूने तो धरला.

दोघं जागी झाली तेव्हा डॉक्टरबाई खरोखरच पाठ करून बसल्या होत्या.

"काय ठरवलंत?" त्यांनी विचारलं.

मंदाने रवळूकडे बघितलं, रवळूने मंदाकडे. "बघत रवूया," रवळू म्हणाला. "तुमी म्हणशात तेव्हा रक्त घेवा, सुई मारा. येताना ही माझ्या वांगडा येतली."

"घोर नाही लागणार?"

"लागतलो," मंदा म्हणाली. "दोघांक लागतलो. एकट्याक लागण्यापेक्षा बरो."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. मग त्या रवळूकडे वळल्या. त्यांना ते विचारणं भाग होतं. "आणि काका, उद्या वाढलं, काढायची वेळ आली, तर? गेल्या खेपेला तुम्ही नको म्हणत होतात."

रवळूने सवयीने आणलेली घंटा उशाजवळून उचलून पिशवीत ठेवली. "तर काढा. भायरची पायरी बघून इलंय मी. थय बसाक जागा आसा."

परतीच्या बसमध्ये मंदाला डुलकी लागली. झोपाळ्याची झोप पूर्ण झाली नाही असं ती चढतानाच म्हणाली होती. बस वळणावळणाने चालली होती, बाहेर एकामागून एक पोफळीच्या बागा मागे जात होत्या. बस खड्ड्यातून गेली की पिशवीतली घंटा ठसके. ती सांधायची राहूनच गेली होती, आणि आता तिला घेऊन कुठे जायचं कारणही उरलं नव्हतं.

रवळूने हात जोडले नाहीत. एका हातात पिशवी होती आणि दुसरा मंदाच्या डोक्याखाली दबला होता. तसाच तो पुटपुटला.

"बा देवा रवळनाथा, ही बाग जशी आसा तशी आमी राखतो. वाट बुजू देव नको."

आणि सवयीने थांबला.

"व्हय म्हाराजा," मंदा झोपेतच म्हणाली.